दाबाखालचा प्राणवायू आणि आपल्या रक्तवाहिन्या

श्रोतेहो, घरात कुणाला मधुमेह असावा, चालताना पायात काटा रुतावा किंवा वहाण चावावी, आणि ती जखम दोन-दोन महिने भरून येऊ नये, असे पुष्कळ घरांत घडते. बोट काळसर पडू लागते, वास येऊ लागतो, आणि मग घरची माणसे डॉक्टरांना दाराबाहेर गाठून हळूच विचारतात, “पाय काढावा लागेल का हो?” अलीकडे या प्रश्नाच्या जोडीला दुसराही एक प्रश्न येऊ लागला आहे. “शहरात एका मोठ्या टाकीत बसवून दाबाखाली प्राणवायू देतात, त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणे. आमच्या अण्णांना तिथे न्यावे काय?”

या उपचाराला हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला दाबाखालचा प्राणवायू म्हणू. त्याचा रक्तवाहिन्यांवर नेमका काय परिणाम होतो, एवढेच मी आज सांगणार आहे. ते एकदा समजले की अण्णांना न्यावे की न न्यावे, याचे उत्तर बरेचसे आपले आपल्यालाच काढता येईल.

आधी रक्तवाहिन्यांची ओळख करून घेऊ. धरणातून कालवा निघतो, कालव्याच्या चाऱ्या होतात, चारीतून पाट आणि पाटातून पाणी वाफ्यात जाते. तसेच हृदयातून मोठी रोहिणी निघते, तिला फाटे फुटत जातात, आणि शेवटी केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या होतात. त्या इतक्या अरुंद असतात की रक्तातल्या तांबड्या पेशींना एकामागे एक अशी रांग धरूनच पुढे सरकावे लागते. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. तिच्यातून प्राणवायू झिरपतो आणि भोवतालच्या मांसाला मिळतो. पण हे झिरपणे फार दूर पोहोचत नाही. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या, फार तर त्याच्या दुपटीएवढ्या अंतरापलीकडे जी पेशी राहिली, तिची उपासमार ठरलेली. न भरणारी जखम म्हणजे पुष्कळदा अशा उपाशी पेशींची वस्ती असते.

मात्र रक्तवाहिनी ही काही निर्जीव नळी नव्हे. तिच्या आत एक नाजूक अस्तर असते. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट आणि झवाडझ्की या दोघा शास्त्रज्ञांनी सशाच्या रोहिणीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या द्रव्याने रोहिणी सैल पडत असे, तेच द्रव्य अस्तर खरवडून काढलेल्या रोहिणीवर घातले तर ती सैल पडेना, उलट आकसू लागली. म्हणजे सैल पडण्याचा हुकूम अस्तराकडून सुटतो. हा हुकूम घेऊन जाणारा जासूद म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, हे पुढच्या काही वर्षांत ठरले, आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना त्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहात आणि विडी-सिगारेटच्या व्यसनात पहिल्यांदा बिघडते ते हे अस्तर. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, पण हुकूम सुटेनासा होतो.

आता प्राणवायूकडे वळू. तुम्ही म्हणाल, जखमेला प्राणवायू कमी पडतो ना, मग नाकाला नळी लावून जास्त द्या, दाब कशाला? याचे कारण असे. रक्तातला बहुतेक प्राणवायू तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन वाहून नेते. निरोगी माणसात साध्या हवेवरच हे हिमोग्लोबिन शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग भरलेले असते. गाडी खच्चून भरलेली असली तर खळ्यावर रास कितीही मोठी असो, आणखी पोती चढणार कुठे? ती चढतात फक्त रक्तरसात, म्हणजे रक्ताच्या पाणचट भागात, आणि तिथे प्राणवायू विरघळवायला दाब लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात सोड्याच्या बाटलीवर दाखवावी. बूच घट्ट आहे तोवर बाटलीतले पाणी स्वच्छ दिसते. बूच उघडले, दाब गेला, की विरघळलेला वायू बुडबुड्यांनी फसफसत बाहेर पडतो. जितका दाब जास्त तितका वायू जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला. आपल्या रक्ताला तो असा लागू पडतो. शंभर मिलिलिटर रक्तात, म्हणजे चहाच्या एका लहान कपात मावेल एवढ्या रक्तात, साध्या हवेवर सुमारे ०·३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. शुद्ध प्राणवायू दिला तर तो जवळजवळ २ होतो. आणि नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर ६ होतो. आता गंमत अशी, की माणूस स्वस्थ पडून असताना त्याचे शरीर तेवढ्या रक्तातून साधारण ५ मिलिलिटरच काढून घेते. म्हणजे हिशेबाने तांबड्या पेशी नसल्या तरी काही वेळ भागावे!

हिशेब कागदावर ठीक आहे, पण हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमचे शस्त्रवैद्य बूरेमा यांनी तो करून पाहिला. त्यांनी डुकराच्या पिलांचे जवळजवळ सगळे रक्त काढून त्या जागी रक्तरसासारखा द्रव भरला, आणि त्यांना तिप्पट दाबाच्या खोलीत प्राणवायूवर ठेवले. पिले जगली. पुढे रक्त परत भरल्यावर ती सुखरूप राहिली. ‘रक्तावाचून जीवन’ अशा अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा तो निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला, आणि या उपचाराला शास्त्राचा पाया मिळाला तो तेव्हापासून.

तिप्पट दाब म्हणजे किती? विहिरीत बुडी मारणाऱ्याला हे चटकन कळेल. पाण्यात दहा मीटर खाली गेले की हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब अंगावर येतो. उपचारात साधारणपणे दुप्पट ते अडीचपट दाब वापरतात, म्हणजे दहा ते पंधरा मीटर खोल विहिरीच्या तळाशी, पण कोरड्या खोलीत, बसल्यासारखे. हा दाब म्हणजे रक्तदाब नव्हे, बरे का. आणि तो सर्व अंगावर, आतून बाहेरून, सारखा पडत असल्यामुळे तुंबलेली नळी दाबाने ढकलून मोकळी होईल, ही समजूतही सोडून द्यावी. दाबाचे काम फक्त वायू विरघळवण्याचे.

इथवर सगळे सरळ आहे. पुढची गोष्ट मात्र ऐकणाऱ्याला उलटी वाटते. एवढा प्राणवायू रक्तात चढला की रक्तवाहिन्या रुंद होत नाहीत, त्या आकसतात! प्राणवायू फार झाला की त्याचे काही कण फार चपळ आणि भांडखोर बनतात, आणि ते अस्तरातून सुटलेल्या नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच खाऊन टाकतात. जासूदच मारला गेला, मग सैल पडण्याचा हुकूम पोहोचणार कसा? वाहिन्या आवळतात आणि रक्ताचा प्रवाह सुमारे एक पंचमांशाने घटतो.

मग फायदा तो कसला, असे कुणीही विचारील. पाटाचे पाणी थोडे कमी केले, पण त्याच पाण्यात खत भरपूर कालवून सोडले, तर पिकाला खत जास्तच मिळते. तसेच इथे रक्त कमी येते, पण त्यातला विरघळलेला प्राणवायू इतका वाढलेला असतो की मांसाला एकंदरीत तो जास्तच मिळतो. शिवाय हे आकसणे एका ठिकाणी फार उपयोगी पडते. मळणी यंत्रात किंवा उसाच्या चरकात हात चिरडला, की तो सुजतो. सुजेने केशवाहिन्या बाहेरून दाबल्या जातात, त्यामुळे प्राणवायू आणखी कमी, त्यामुळे सूज आणखी जास्त, असा फेरा सुरू होतो. आत येणारे रक्त थोडे आवरले, तरी प्राणवायू कमी पडू दिला नाही, तर सूज उतरते आणि हा फेरा तुटतो. अर्थात आधी शस्त्रवैद्याचा हात लागल्यावाचून हे होत नाही. चिरडलेला हात घेऊन कुणी थेट टाकीच्या दाराशी जाऊ नये.

आणखी एक परिणाम आहे. तुटलेला किंवा तुंबलेला प्रवाह पुन्हा सुरू झाला की पांढऱ्या पेशी बारीक वाहिन्यांच्या भिंतींना जाऊन चिकटतात आणि नुकता मोकळा झालेला मार्ग पुन्हा बुजवतात. दाबाखालच्या प्राणवायूने त्यांचा चिकटपणा कमी होतो, हे १९९० नंतरच्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले.

आता मूळ प्रश्न, नव्या वाहिन्या फुटतात का? येथे मला थोडी वाकडी वाट घ्यावी लागेल. १९४० ते १९५५ च्या सुमारास अमेरिकेत आणि इतर पुढारलेल्या देशांत अपुऱ्या दिवसांची मुले काचेच्या पेटीत ठेवून त्यांना रात्रंदिवस प्राणवायू देत. मुले वाचली, पण त्यांतली हजारो आंधळी झाली. खेड्यातल्या साध्या दवाखान्यांपेक्षा उत्तम सोयीच्या रुग्णालयांत हा प्रकार जास्त, हे पाहून डॉक्टर चक्रावले. ऑस्ट्रेलियातील डॉ. केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या चाचणीने ते पक्के केले. अशा बालकाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या अजून वाढायच्या असतात. अपुऱ्या प्राणवायूमुळे पेशी हाक मारतात आणि त्या हाकेला ओ देऊन वाहिनी पुढे सरकते. भोवती प्राणवायूचा सुकाळ झाला की हाकच बंद, वाढही बंद. पुढे प्राणवायू काढून घेतला की तीच वाढ वेडीवाकडी होते आणि पडदा सुटतो.

म्हणजे जास्त प्राणवायूने वाहिन्यांची वाढ थांबते, हे सिद्ध आहे. मग त्याच प्राणवायूने जखमेत वाहिन्या वाढाव्यात कशा?

शेतकरी बंधूंना याचे उत्तर मी ‘वाफसा’ या एका शब्दात देईन. शेतात पाणी सतत उभे ठेवले तर मुळे कुजतात. पाणी द्यावे, ते निचरू द्यावे, वाफसा येऊ द्यावा, मगच मूळ पुढे सरते. त्या बालकांना आठवडेच्या आठवडे प्राणवायूत बुडवून ठेवले होते. दाबाच्या खोलीत मात्र रोग्याला दिवसातून एकदा, दीड ते दोन तास बसवतात. बाकीचे बावीस तास तो साध्या हवेवर असतो. त्या दीड-दोन तासांत जखमेच्या कडेच्या पेशींना चिवट तंतू विणायला लागणारा प्राणवायू मिळतो. हे तंतू म्हणजे नव्या वाहिनीला चढायचा मांडव. मग तो बाहेर येतो, प्राणवायू उतरतो, आणि उपाशी पेशींची हाक पुन्हा सुरू होते. मांडवही आहे आणि हाकही आहे, मग वेल चढते.

हे नुसते तर्कट नाही. कर्करोगासाठी क्षकिरण दिलेल्या जबड्याच्या मांसात केशवाहिन्या विरळ होऊन जातात. अशा रोग्यांवर अमेरिकेतील जबड्याचे शस्त्रवैद्य रॉबर्ट मार्क्स यांनी १९८० नंतर बरेच काम केले. पहिल्या काही बैठकांत मांसात फारसा फरक दिसत नाही. पुढे केशवाहिन्या वाढू लागतात, आणि वीसएक बैठकांनंतर वाढ स्थिरावते. निरोगी मांसाची पूर्ण बरोबरी मात्र होत नाही. २००६ साली पेनसिल्व्हानियातील स्टीफन थॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग दाखवला. नव्या वाहिन्या घडवण्यास हातभार लावणाऱ्या काही मूळपेशी हाडांच्या मगजातून रक्तात येतात. दुप्पट दाबाच्या दोन तासांच्या एका बैठकीनंतर अशा पेशी रक्तात दुप्पट झाल्या, आणि वीस बैठकांत आठपट. विशेष म्हणजे त्यांना मगजातून बाहेर बोलावणारा तोच नायट्रिक ऑक्साइड. वाहिनीत तो मारला जातो आणि मगजात तो वाढतो. एकाच गावात एका आळीत दुष्काळ आणि दुसरीत पूर, असा हा प्रकार आहे.

आता अण्णांच्या पायाकडे या. एवढे सगळे चांगले परिणाम दिसतात, तर मग प्रत्येक पाय का वाचत नाही? कारण प्राणवायू कितीही विरघळवा, तो वाहून नेणारे रक्त जखमेपर्यंत पोहोचले पाहिजे. मांडीतला किंवा पोटरीतला मुख्य कालवाच बुजला असेल, तर खाली वाफ्यापर्यंत जायचे काय? तिथे फुग्याने वाहिनी रुंद करणे किंवा दुसरी वाहिनी जोडून वाट काढणे, हाच पहिला उपाय. केशवाहिन्या फुटल्या म्हणून बुजलेली रोहिणी उघडत नाही.

चाचण्यांतही हेच गढूळ चित्र दिसते. स्वीडनमध्ये २०१० साली मधुमेहाच्या जुनाट जखमांचे ९४ रोगी घेऊन चाचणी झाली. त्यांतल्या कुणाला खरा प्राणवायू आणि कुणाला नुसती दाबाखालची हवा दिली. वर्षाअखेर प्राणवायूच्या गटात शेकडा ५२ जणांची जखम भरली, हवेच्या गटात २९ जणांची. हा फरक मोठा आहे. परंतु कॅनडातील २०१६ च्या चाचणीत पाय कापण्याची गरज कमी झाल्याचे दिसले नाही. हॉलंडमध्ये २०१८ साली वाहिन्याही अरुंद झालेले १२० मधुमेही घेतले, तेव्हाही पाय वाचण्यात ठाम फरक आढळला नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना सगळ्या बैठका पुऱ्याच करता आल्या नव्हत्या, ही गोष्ट ध्यानात घेतली तरीसुद्धा. माझे मत विचाराल तर हा उपचार चांगला जोडीदार आहे, पण एकट्याने नांगर ओढणारा बैल नव्हे. साखर ताब्यात आणणे, मेलेले मांस काढणे, जंतूंवर औषध, पायावरचा भार हलका करणे आणि मुख्य वाहिनी तपासणे, ही कामे आधी झालेली हवीत.

हे मी इतके आवर्जून सांगतो याचे कारण पैसा आणि वेळ. तीस-चाळीस बैठका, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे दीड-दोन महिने शहरात राहणे. तेवढ्यात बुजलेल्या वाहिनीकडे कुणी पाहिलेच नाही, तर पाय टाकीत बसल्या बसल्या जातो. शिवाय याच नावाखाली अंगकांती, तारुण्य, मुलांचे मतिदोष अशा कशाकशावर उपचार विकले जातात. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २०१३ साली अशा जाहिरातींविरुद्ध लोकांना सावध केले होते. कापडी फुग्यासारख्या पिशवीत हवेपेक्षा थोडासाच जास्त दाब देतात. दुप्पट-अडीचपट दाबाच्या खोलीचे मोजमाप त्या पिशवीला लावू नये.

खरी खोली म्हणजे एका माणसाची पारदर्शक नळी, किंवा अनेकांची पोलादी खोली. नौदलाला पाणबुड्यांसाठी ती लागतेच. मुंबईत कुलाब्याला अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात या विद्येचे जुने केंद्र आहे. आत दाब चढताना विहिरीत दुखतात तसे कान दुखतात. आवंढा गिळावा, आणि तरीही दुखले तर लगेच सांगावे. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर हा उपचार मुळीच करता येत नाही. हृदय दुबळे असेल तर वाहिन्या आकसल्यामुळे त्याच्यावर ताण पडतो, तेही आधीच सांगावे. मधुमेह्याची साखर आत असताना उतरू शकते, म्हणून उपाशी बसू नये. क्वचित एखाद्याला झटका येतो, म्हणून मधूनमधून पाच मिनिटे साधी हवा देतात. आणि आगीची भीती सर्वांत मोठी. भरपूर प्राणवायूत ठिणगी म्हणजे वणवा. इटलीतील मिलान शहरात १९९७ साली अशा खोलीत आग लागून ११ माणसे गेली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. तेव्हा आत जाताना सुती कपडे, केसांना तेल नाही, काडेपेटी-विडी नाही, मोबाइल नाही. कुणी ‘चालते हो’ म्हणाले तर तिथून उठून यावे.

घरी करण्यासारखी एक तपासणी सांगतो. पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठ्याच्या शिरेच्या किंचित बाहेर, दोन बोटे हलकेच ठेवा. तिथे नाडी उडते. घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागेही एक नाडी आहे. मग अंगठ्याचे टोक दाबून सोडा. पांढरे झालेले कातडे दोन-तीन सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवे. एखाद्या निरोगी माणसालाही यांतली एक नाडी लागत नाही, हे खरे. पण मधुमेह्याच्या दोन्ही नाड्या लागत नसतील, किंवा लाली परतायला वेळ लागत असेल, तर जखम असो वा नसो, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जायला उद्याची वाट पाहू नका. ते घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, यंत्राने प्रवाहाचा आवाज ऐकतात.

आणि सगळे तपासून खोलीत बसायचे ठरलेच, तर तिथल्या डॉक्टरांना एक विचारा. जखमेजवळच्या कातडीवर चिकटवून तिथे झिरपणारा प्राणवायू मोजणारे यंत्र असते. ते आहे का, आणि पहिल्या बैठकीत लावून पाहाल का? दाबाखाली त्याचा आकडा पाऱ्याच्या २०० मिलिमीटरवर चढला, तर जखम भरण्याची आशा चांगली. तो खालीच रेंगाळत राहिला, तर उरलेल्या बैठकांचे पैसे भरण्यापूर्वी मुख्य वाहिनीची पुन्हा तपासणी करून घ्या.